शिकायला गेलीय की फिरायला?

पत्र

नमस्कार. मी ठाण्यात पाचपाखाडीला राहते, वाशीला सहकारी बँकेत नोकरी करते. एकुलती एक मुलगी, वय २३, सप्टेंबरअखेर मास्टर्ससाठी जर्मनीत आखेनला गेली. एज्युकेशन लोन काढलंय. पहिले तीन-चार आठवडे रोज व्हिडिओ कॉल, रडारड, ‘आई, भात गिचका का होतो गं’ वगैरे. एरवी दर दिवाळीला पहाटे मैत्रिणींबरोबर नटूनथटून तलावपाळी, राम मारुती रोडला जायची. यंदा तिच्याशिवाय पहिली आंघोळ झाली. आणि दिवाळीनंतर बघते तर काय, बाईसाहेब दर शनिवारी कुठे ना कुठे जातात! कोब्लेंझ, कोलोन, बॉन. फोटो टाकते. नणंदेने फॅमिली ग्रुपवर लिहिलं, ‘शिकायला गेलीय की फिरायला?’ आणि पुढे हसणारे चार चेहरे.

मध्यंतरी बोलता बोलता म्हणाली, ‘आज बाटल्या देऊन ब्रेड आणला.’ माझ्या पोटात खड्डा पडला. पैसे संपले म्हणून भंगार विकते की काय? मग एका रविवारी रात्री साडेदहाला फोनवर लोकेशन पाहिलं, तर नेदरलँड्स! फोन उचलेना. तासाभराने उचलला आणि म्हणते, ‘अगं, दूध आणायला आले होते.’ मी खूप बोलले. दुसऱ्या दिवशी तिने लोकेशनच बंद केलं. आता नाताळच्या सुट्टीत चौघं मिळून पॅरिसला निघालीत, त्यात दोन मुलगे. बेकरीत काम करून पैसे साठवलेत म्हणे. हे म्हणतात, ‘जाऊ दे की.’

तिला थांबवू का? पैसे पाठवू का? नणंदेला काय उत्तर देऊ? आणि कळव्याचा एक मुलगा जानेवारीत तिकडे जातोय, त्याच्याबरोबर खायचं काय पाठवता येईल?

– एक आई, ठाणे

उत्तर

ताई, नमस्कार.

आधी नेदरलँड्सचं उरकून टाकू, कारण तुमची झोप उडाली ती त्यामुळे. फोनवर नकाशा उघडा आणि आखेन शोधा. जर्मनीचं हे पश्चिमेकडचं अगदी टोक. शहराची हद्द संपते तिथे एका बाजूला नेदरलँड्स सुरू होतं आणि दुसऱ्या बाजूला बेल्जियम. तिन्ही देशांच्या सीमा जिथे मिळतात ती टेकडी गावाबाहेरच आहे, लोक सुट्टीला मुलाबाळांसकट तिथे जातात आणि एक पाय या देशात, एक त्या देशात ठेवून फोटो काढतात. सीमेपलीकडचं पहिलं डच गाव फाल्स. आखेनच्या मध्यापासून पाच-सहा किलोमीटर, शहरबसने जाता येतं. तुम्ही पाचपाखाडीहून मानपाड्याला जाल तेवढंच अंतर.

आता रविवार. जर्मनीत रविवारी दुकानं बंद असतात, कायद्यानेच. बेकऱ्या काही तास उघडतात, मोठ्या स्टेशनांतली काही दुकानं चालू असतात, पण नेहमीचं सुपरमार्केट बंद म्हणजे बंद. शनिवारी रात्रीपर्यंत दूध आणलं नाही तर सोमवारपर्यंत कोरा चहा. पलीकडे डच गावात मात्र रविवारीही सुपरमार्केट उघडं असतं. म्हणून शनिवारी विसरलेली निम्मी आखेनकर मंडळी रविवारी बसने परदेशात जाऊन दूध-ब्रेड घेऊन येतात. तुमच्याकडे रात्रीचे साडेदहा वाजले होते तेव्हा तिथे संध्याकाळचे सहा होते. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडे घड्याळं एक तास मागे घेतात, तेव्हापासून आपल्यात आणि त्यांच्यात साडेचार तासांचा फरक असतो. मुलगी खरंच दूध आणायला गेली होती. तुम्ही खूप बोललात, ते दुधाच्या एका पिशवीवरून.

एवढ्यात एक गोष्ट मात्र तिला जरूर सांगा. सप्टेंबर २०२४ पासून जर्मनीने आपल्या सगळ्या जमिनीवरच्या सीमांवर पुन्हा तपासणी सुरू केली आहे. रोज प्रत्येक बस अडवत नाहीत, पण कधीही अडवू शकतात. तेव्हा दूध आणायला जातानाही पासपोर्ट पर्समध्ये हवा. घराजवळची बस पकडताना पासपोर्ट घ्यायचा हे आपल्या मुलांच्या डोक्यातच येत नाही.

बाटल्यांचं तर आणखी सोपं आहे. तिकडे पाण्याची किंवा थंड पेयाची एकदाच वापरायची प्लास्टिकची बाटली घेतली की किमतीवर २५ सेंट अनामत लावतात. रिकामी बाटली सुपरमार्केटातल्या यंत्रात टाकली की यंत्र पावती देतं, ती काउंटरवर दाखवायची, तेवढे पैसे बिलातून वजा. आपल्या लहानपणी गोल्डस्पॉटची बाटली दुकानदाराला परत दिल्याशिवाय अनामत सुटायची नाही, तसंच. दहा बाटल्या साठल्या की अडीच युरो होतात, आणि त्यात ब्रेड येतो. तिथे हे प्रोफेसरही करतात. ती तुम्हाला आपली हुशारी सांगत होती आणि तुम्ही इकडे डोळ्यांना पदर लावून बसलात.

आता नणंदबाईंचा प्रश्न. उत्तर मी शेवटी देते, आधी तुमच्याच पत्रातली एक तारीख बघू.

तुम्ही लिहिलंय, फिरणं दिवाळीनंतर सुरू झालं. यंदा (२०२५) पहिली आंघोळ सोमवारी होती. आखेनमध्ये तो कामाचा साधा सोमवार, लेक्चर्स सुरू होऊन जेमतेम आठवडा झालेला. ज्या मुलीने दर वर्षी त्या पहाटे तलावपाळीच्या गर्दीत धक्के खाल्ले, गाणी ऐकली, ओळखीच्या चाळीस चेहऱ्यांना ‘हॅप्पी दिवाळी’ म्हटलं, ती त्या दिवशी अंधारात उठली असेल. सामायिक बाथरूममध्ये उटणं लावायचं की नाही असा विचार केला असेल. मग फोनवर तिच्या मैत्रिणींचे राम मारुती रोडवरचे फोटो पाहिले असतील आणि बॅग उचलून वर्गात गेली असेल, जिथे आज काय आहे हे कुणाच्या गावीही नाही. पहिला दौरा त्यानंतरच्याच शनिवारी. मला यात चैन दिसत नाही. मला दिसते एक मुलगी, जिने खोलीत बसून रडण्यापेक्षा गाडीत बसणं पसंत केलं.

परदेशी गेलेल्या मुलांच्या घरून येणाऱ्या पत्रांत मला घोर लागतो तो वेगळ्याच मुलांचा. जी खोलीबाहेरच पडत नाहीत. रात्रभर ठाण्यातल्या मित्रांशी ठाण्याच्या घड्याळाने गप्पा मारतात, दुपारी उठतात, आणि उठेपर्यंत बाहेर अंधार. हे शब्दशः घ्या. डिसेंबरात आखेनला सूर्य साडेआठच्या सुमाराला उगवतो आणि साडेचारला मावळतो. त्यात ढग. वर्गातून बाहेर पडेपर्यंत उजेड संपलेला असतो. ऑक्टोबरात हौसेने गेलेली मुलं नोव्हेंबर-डिसेंबरात मिटून जातात ती पुष्कळदा याच काळोखाने, आणि घरी सांगतात, ‘सगळं ठीक आहे.’ फोटो नाहीत, खर्च नाही, आई निश्चिंत. अशा घरी मी लिहिते की बाई, त्याला बाहेर काढा. तुमच्याकडे ती वेळ आलेली नाही. तुमची लेक शनिवारचा उजेड वाया घालवत नाही.

खर्चाचं म्हणाल, तर कोलोनचा फोटो पाहून तुम्ही मनातल्या मनात ‘युरो गुणिले शंभर’ केलं असणार. युरो शंभरी ओलांडून बसल्यापासून सगळेच पालक करतात. पण तिच्या राज्यात, नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालियात, विद्यार्थ्यांच्या सेमिस्टर-शुल्कातच देशभर चालणारं प्रवासाचं तिकीट असतं. वेगवान आयसीई गाड्यांना ते चालत नाही, पण साध्या रिजनल गाड्या, बस, ट्राम सगळ्यांना चालतं. म्हणजे आखेन ते कोलोन हा तासाभराचा प्रवास, बॉन, ऱ्हाइन नदीच्या काठाकाठाने जाणारी कोब्लेंझची गाडी, या सगळ्याचे पैसे तुम्ही आधीच भरलेत. न वापरता ठेवलं तर वाया जातील. डबा घरून न्यायचा, पाणी घरून न्यायचं, आणि कोलोनला स्टेशनाच्या दारातून बाहेर पडलं की समोरच ते प्रचंड कॅथीड्रल. आत जा, मान दुखेपर्यंत वर बघा. १५७ मीटर उंच. बांधायला घेतलं १२४८ मध्ये, पुरं झालं १८८० मध्ये. घोडबंदर रोडच्या कामांवर रोज चिडणाऱ्यांनी हे दोन आकडे लिहून ठेवायला हरकत नाही.

आणि शनिवारच्या या गाड्यांत ती काय शिकते ते फोटोत येत नाही. नौपाड्यातल्या क्लासला जर्मन शिकून गेली असेल तर तिला ‘माझ्या भावाचे केस तपकिरी आहेत’ हे छान म्हणता येत असणार. पण स्टेशनावर घाईघाईत घोषणा होते की गाडी आज दोनऐवजी सात नंबरवरून सुटेल आणि पुढे तिचे दोन भाग होतील, मागचे डबे भलतीकडे जातील, तेव्हा खरी परीक्षा. शेजारच्या आजींना विचारावं लागतं. आजी जर्मनमध्येच उत्तर देतात, तेही सविस्तर. जर्मन गाड्या घड्याळावर चालतात ही आपली समजूत तर पहिल्याच महिन्यात गळून पडते. २०२४ मध्ये तिथल्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी ६३ टक्केही वेळेवर नव्हत्या, आणि सहा मिनिटांच्या आतला उशीर ते उशीर धरतच नाहीत. जोडगाडी चुकलेली, थंडी चार अंश, फोनची बॅटरी संपत आलेली, आणि पुढची गाडी कुठून पकडायची ते आपलं आपण शोधायचं. मध्य रेल्वेवर वाढलेली मुलगी आहे, तिला जमेल. पण ठाण्यात चुकली असती तर तिने तुम्हाला फोन केला असता. तिथे ती फलक वाचते. वाचता येतो हे कळल्यावर वर्गात हात वर करून प्रश्न विचारायची भीडही कमी होते. दोन्ही धिटाया एकाच ठिकाणाहून येतात.

म्हणजे मी डोळे झाकून ‘फिरू दे’ म्हणते आहे का? नाही. काळजीचं एक खरं कारण आहे, पण ते तुम्ही पत्रात लिहिलेलंच नाही. ते म्हणजे तिथलं शैक्षणिक कॅलेंडर.

आपल्याकडे इंजिनीअरिंगला मुलांच्या मानेवर सतत काहीतरी असतं: युनिट टेस्ट, सबमिशन, व्हायवा, हजेरीचे ७५ टक्के. मुलं शिव्या देतात, पण त्या धाकाने वर्षभर थोडं थोडं होत जातं. जर्मन विद्यापीठात बहुतेक लेक्चर्सना हजेरीच घेत नाहीत. ऑक्टोबरात कुणी काही विचारत नाही, नोव्हेंबरात विचारत नाही, डिसेंबरात गावभर नाताळचे बाजार लागतात, मग दोन आठवडे सुट्टी. सगळं कसं निवांत वाटतं. आणि फेब्रुवारीत लेक्चर्स संपतात न संपतात तोच परीक्षा. बऱ्याच विषयांत सगळे गुण त्या एकाच पेपरवर. त्या परीक्षेला बसायचं तर आधी मुदतीत ऑनलाइन नाव नोंदवावं लागतं, ते कुणी आठवण करून देत नाही. एका विषयाला साधारणपणे तीनदा बसता येतं. तिसऱ्यांदाही गेला, आणि विषय सक्तीचा असेल, तर तो अभ्यासक्रमच सोडावा लागतो, शिवाय तोच अभ्यासक्रम जर्मनीत दुसरीकडे घेण्याची वाटही बंद होते. आपल्याकडच्या केटीच्या, म्हणजे राहिलेला विषय पुढे नेत राहायच्या, सवयीने गेलेल्या मुलांना हे उशिरा कळतं. हुशार मुलं पहिल्या सेमिस्टरला आपटतात ती इथे, आणि त्यातली पुष्कळशी कुठेही न फिरलेली असतात.

तेव्हा शनिवारी कुठे होतीस हे विचारू नका. सरावाची पत्रकं दर आठवड्याला सोडवतेस का, ते विचारा. बहुतेक विषयांना लेक्चरबरोबर सरावाचे तास असतात, पेपर त्याच धर्तीवर येतो. किती विषयांना नाव नोंदवलंस, किती क्रेडिट धरलेस, हे विचारा. सेमिस्टरला ३० क्रेडिट असं तिथलं साधारण गणित असतं, पण पहिल्या खेपेला थोडे कमी घेणं शहाणपणाचं ठरू शकतं. त्यावर हट्ट धरू नका. हे सगळं महिन्यातून एकदा विचारायचं, रोज नाही. रोज विचारलंत तर तिलाही रोज ‘हो’ म्हणायची सवय लागेल. जानेवारी अर्धा झाल्यावरही शनिवारचे फोटो येतच राहिले, तर मला पुन्हा लिहा. तेव्हा मी तुमच्या बाजूने बोलेन.

जाता जाता: मार्चमध्ये तिने ‘आई, दोन मिळाले’ असं सांगितलं तर खचू नका. तिथे १ म्हणजे सर्वोत्तम, ४ ला पास आणि ५ म्हणजे नापास. दोन म्हणजे चांगले गुण. ग्रुपवर सांगायच्या आधी नणंदेला हे समजावून ठेवा, नाहीतर पुन्हा चार हसरे चेहरे यायचे.

लोकेशन पुन्हा सुरू करायला सांगू नका. मला माहीत आहे की हे तुम्हाला आवडणार नाही. पण ती २३ वर्षांची आहे आणि तुम्ही साडेसहा-पावणेसात हजार किलोमीटरवर आहात. नकाशावरचा निळा ठिपका हलला तरी पाचपाखाडीत बसून तुम्ही करणार काय? त्या रविवारी ठिपक्याने देशाचं नाव दाखवलं, दुधाची पिशवी दाखवली नाही. अर्धी माहिती रात्री साडेदहाला मिळणं हे काहीच माहिती नसण्यापेक्षा वाईट. आणि ती चिडली आहे ती ठिपक्यावर नाही. खरं सांगूनही तुम्ही विश्वास ठेवला नाहीत, यावर चिडली आहे. एक फोन करा. ‘दूध आणायला गेली होतीस, मला नकाशा माहीत नव्हता’ एवढंच म्हणा. पुढे ‘पण’ लावू नका.

त्याऐवजी खऱ्या अडचणीला उपयोगी पडतील अशा गोष्टी घरात तयार ठेवा. तिचा पूर्ण पत्ता, जर्मन स्पेलिंगसकट, कागदावर लिहून फ्रिजवर. शेजारच्या खोलीतल्या एका मुलीचा नंबर, तिला विचारून. पासपोर्ट, व्हिसा आणि आरोग्यविम्याच्या कार्डाचे फोटो तुमच्याकडे आणि तुमच्या यजमानांकडे. युरोपीय संघात कुठल्याही देशातून आणीबाणीला ११२ लावायचा, हे तिला माहीत असेलच, तरी एकदा म्हणून घ्या. आणि मायलेकींत एक साधा करार करा: रात्रीचा प्रवास असेल तर गाडीत बसल्यावर एक मेसेज, पोचल्यावर एक. दिवसा काही नाही. दोन मेसेज कुठलीही मुलगी आनंदाने करते, कारण ते ती स्वतः पाठवते.

आता पॅरिस. जाऊ द्या. तुमचे यजमान ‘जाऊ दे की’ म्हणतात ते विचार करून म्हणतात की टीव्हीवर मॅच चालू असताना, ते तुम्हालाच ठाऊक. पण त्यांचं म्हणणं बरोबर आहे. मुलग्यांबद्दल एवढंच सांगते की ग्रुपमध्ये कोण कोण आहे हे तुम्हाला तिनेच सांगितलं. नसतं सांगितलं तर तुम्हाला कधी कळलंही नसतं. अनोळखी शहरात रात्री अकराला स्टेशनावर उतरताना एकटीने उतरण्यापेक्षा चौघांनी उतरलेलं केव्हाही चांगलं. कुठे राहणार त्या ठिकाणाचा पत्ता मागा, तो मागायचा हक्क तुम्हाला आहे. पुढचं तिच्यावर सोडा. २३ वर्षं तुम्ही वाढवलंय, काही उरलं असेलच त्यातलं.

मात्र एक गोष्ट तिकीट काढायच्या आधी तपासायला लावा, आणि ही मी ठळक अक्षरांत लिहिली असती. मुलं जर्मनीत जातात ती ठरावीक मुदतीच्या प्रवेश-व्हिसावर, पुष्कळदा काही महिन्यांच्याच. पुढचं निवासकार्ड तिथल्या परदेशी नागरिकांच्या कार्यालयात अर्ज करून मिळतं, आणि त्याची तारीख मिळायला मोठ्या विद्यापीठांच्या गावांत वेळ लागतो. व्हिसा किंवा कार्ड चालू असेल तर शेंगेन देशांत, म्हणजे युरोपातल्या एकाच व्हिसावर चालणाऱ्या देशांत, फिरता येतं, १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत. पण सप्टेंबरात गेलेल्या मुलीचा व्हिसा डिसेंबर-जानेवारीत संपत असेल आणि कार्ड अजून हातात नसेल, तर पॅरिसहून परत येताना सीमेवर नसता घोळ होऊ शकतो. म्हणून पासपोर्टवरच्या व्हिसाची तारीख बघायची. सुट्टीच्या आत संपत असेल तर आधी कार्यालय, मग पॅरिस. आयफेल टॉवर कुठे जात नाही.

कार्ड किंवा मोठ्या मुदतीचा व्हिसा जवळ असण्याचा एक फायदाही आहे, आणि तो बऱ्याच मुलांना माहीत नसतो. युरोपीय संघात राहणाऱ्या २६ वर्षांखालच्या तरुणांना लूव्र संग्रहालयात फुकट प्रवेश आहे, नागरिकत्व भारताचं असलं तरी. तिथे राहत असल्याचा पुरावा दाखवायचा. फुकट असलं तरी वेळ आधी ऑनलाइन राखून ठेवायची, आणि मंगळवारी व २५ डिसेंबरला लूव्र बंद असतं हे ध्यानात ठेवायचं. तिच्या विम्याच्या कार्डाची मागची बाजूही तिला पाहायला सांगा. सरकारी पद्धतीचा विमा असेल तर तिथे युरोपियन आरोग्यकार्ड छापलेलं असतं, फ्रान्समध्ये अचानक डॉक्टर लागला तर ते उपयोगी पडतं. बाकी पर्स पुढे ठेवायची, मेट्रोत फोन हातात मिरवायचा नाही. दादर स्टेशन पाहिलेल्या मुलीला हे मी काय सांगणार.

बेकरीतलं काम नियमात बसतं. परदेशी विद्यार्थ्यांना वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. किमान वेतन २०२५ मध्ये तासाला १२.८२ युरो होतं, जानेवारी २०२६ पासून १३.९०. काही रविवारी सकाळी पाव विकले की पॅरिसचा बस-प्रवास आणि हॉस्टेलमधल्या तीन-चार रात्री निघतात. नातेवाइकांत ‘बेकरीत काम करते’ हे सांगायला तुम्हाला जड जात असेल, असं तुमच्या त्या ‘म्हणे’वरून वाटलं. काउंटरवर उभं राहून सकाळच्या घाईत पाव मागणाऱ्या जर्मन गिऱ्हाइकांशी बोलणं हा फुकटातला भाषेचा क्लास आहे, उलट तेच पैसे देतात.

म्हणूनच पॅरिससाठी पैसे पाठवू नका. तिने मागितलेलेही नाहीत. स्वतःच्या पैशाने केलेल्या पहिल्या प्रवासात तुमचे १५-२० हजार मिसळले की तो प्रवास पुन्हा तुमचा होतो, आणि मग तुम्हाला विचारावंसं वाटणार, कुठे जेवलात, किती खर्च केलात. पाठवायचेच असतील तर फेब्रुवारीसाठी बाजूला ठेवा. पुढच्या सेमिस्टरचं शुल्क तेव्हा भरायचं असतं, तीनशेच्या वर युरो. ते विसरलं तर नाव कमी होऊ शकतं. ब्लॉक्ड अकाउंटमधून, म्हणजे व्हिसासाठी आधीच भरून ठेवलेल्या रकमेतून, तिला महिन्याला ९९२ युरो मिळतात. त्यातून खोलीभाडं, विम्याचे १४०-१५० युरो आणि किराणा गेल्यावर एकदम तीनशे काढणं पहिल्या वर्षी जड जातं. ते तुम्ही भरा. त्याचे फोटो येणार नाहीत, पण तिला त्याची किंमत कळेल.

नणंदेला उत्तर: ‘दोन्हीला.’ एवढंच लिहा ग्रुपवर. हसरा चेहरा लावायचा की नाही, ते नातं किती जुनं आहे त्यावर ठरवा.

राहता राहिला कळव्याचा मुलगा. आधी त्याला विचारा की त्याच्या बॅगेत किती वजनाला जागा आहे. त्याचीही आई काहीतरी भरतच असेल. पुडी त्याच्यासमोर बांधा, आत काय आहे ते त्याला माहीत हवं. भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, कोरडी चटणी, तिळाचे लाडू बिनतुपाचे, हे सगळं जातं. युरोपीय संघाबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ प्रवाशांना नेता येत नाहीत, म्हणजे पेढे, खव्याची बर्फी, चीज आणि साजूक तूप नाही. सुकटही घालू नका, त्या वासाने मुलाची सगळी बॅग उघडतील. ताजा कढीपत्ता आणि मिरच्या नकोत, ताज्या फळभाज्यांना प्रमाणपत्र लागतं. गंमत म्हणजे नारळ चालतो, पण जानेवारीत कळव्याहून आखेनला नारळ पाठवणारी आई अजून मला भेटलेली नाही. तुपाची सोय तिची तिला करता येईल. तिथे बिनमिठाचं बटर २५० ग्रॅमच्या पाकिटात सगळीकडे मिळतं, ते मंद आचेवर कढवायचं. तुम्ही व्हिडिओ कॉलवर दाखवा, बेरी किती लाल झाली की गॅस बंद करायचा ते फोनवर नुसतं सांगून कळत नाही. आणि कढवताना खिडकी उघडी ठेवायला सांगा, तिथल्या खोल्यांत धुराचा अलार्म असतो.